स्लीव्ह, नग दोन

वागळे इस्टेट, रसवंतीच्या मागचं शटर.
सोमवारी गोणपाटात बांधून एक तुकडा आला,
तारेनं अडकवलेली चिठ्ठी:
तेलपंपाची स्लीव्ह. गनमेटल. नग दोन.
नकाशा उपलब्ध नाही.

नकाशा नाही म्हणजे
जहाज बांधणारा कारखाना केव्हाच बुडाला
आणि जहाज अजून तरंगतंय.

मोरेश्वर तांडेलांनी तुकडा नाकाशी धरला.
"डिझेल. खारं पाणी.
आणि कुणीतरी ग्रीस द्यायला विसरलंय."
मग माझ्या हातात दिला. मोज.

तीन जागी मोजला, तीन मापं आली.
मी वर पाहिलं.
"झिजलेलं नको मोजूस गं.
जिथं झीज पोचली नाही, ते शोध."

कॉलरच्या आत, पॅकिंगखाली, सापडली
करंगळीएवढी पट्टी, कोरी, पिवळी,
आईची जोडवी उतरवली
तेव्हा दिसलेल्या बोटासारखी.
मायक्रोमीटर लावताना
मी उगाच श्वास धरून ठेवला.

हे जहाज लढत नाही, तांडेल सांगत होते,
लढणाऱ्यांच्या शेजारून चालतं.
दोघांनी एकच वेग धरायचा,
मधे उसळतं पाणी, वर दोर, दोराला नळी,
आणि चालता चालता तेल पाजायचं.
पाणी द्यायचं, कांदे-बटाटे, औषधं, टपाल,
आणि त्यांच्या पंपांचे, झडपांचे सुटे भाग,
पेट्यांत, भुशात, नंबर घालून.
"पंगतीतला वाढपी बघ. सगळे उठले की जेवतो.
तोवर त्याच्या वाटचं वरण संपलेलं असतं."

वाढप्याचं वरण आम्ही करत होतो
रसवंतीच्या मागे.

तांडेल म्हणजे नाव हाकणारा.
यांच्या आजोबांची होडी चेंदणीच्या बंदराला लागायची.
मग खाडीत गाळ आला, आणि गाळाच्याही आधी
ऑइल इंजिनचा कारखाना आला, हजेरीपट आला.
सतराव्या वर्षी यांनी लेथचं चाक धरलं.
अडतीस वर्षं जहाजांची कामं,
जहाजात पाय नाही.
एकदा गेले होते माल घेऊन, गोदीच्या फाटकापर्यंत.
माल आत गेला.
यांनी बाहेर चहा घेतला, दोन कप.

पहिला नग त्यांनी काढला, दुसरा मी.
टूलखालून गनमेटलचा चुरा उडत होता,
हळदीकुंकवातल्या हळदीसारखा,
माझ्या भुवयांवर, केसांत, डब्यातल्या पोळीवर.

नौदलाचे तपासनीस कुरियनसाहेब
चष्मा कपाळावर सरकवून मोजत.
एक नग पास.
दुसरा दोन शतांश कमी.
दोन शतांश म्हणजे काय ते कसं सांगू,
केसाचे उभे तीन-चार भाग करा, त्यातला एक.
लाल रंगाचा फराटा मारला त्यांनी,
बाळाच्या गालाला तीट लावावी तितक्या हळू.
मला वाटलं होतं, ओरडतील.

ओरडले तांडेलही नाहीत.
नवीन गोळा चकात बांधून दिला, पुन्हा काढ म्हणाले,
आणि संध्याकाळी, शटर अर्धं खाली ओढून,
लाल फराट्याच्या नगाला आतून मोठं केलं, बाहेरून उतरवलं,
पुतण्याच्या होडीच्या दांड्याला बुश.

ती होडी मी पाहते, पुलावरून जाताना.
आवाज बरा आहे तिचा.

जहाजाचं काहीच कळत नाही.
सुटा भाग गेला की गेला,
त्याची बातमी आली तर वाईटच येते.
कुठे आहे ते, कुणाला पाजतंय,
माझी स्लीव्ह पंपात बसली आहे
की अजून पेटीत, भुशात, पहिलीची पाळी संपायची वाट बघत,
कोण सांगणार.

तेवढा जुना तुकडा मात्र परत मागवला त्यांनी.
सरकारी मालमत्ता. वजन करून, सही घेऊन.
गोणपाट मीच बांधलं.
तार पिळण्याआधी बोट आत घालून
ती पट्टी एकदा चाचपली.
गार होती.
तांडेल म्हणाले, चल, आवर, रिक्षावाला थांबलाय.